नऊ महिने, ७.३ किलो: काळजी करावी का?

जागरणकर्ती | रात्री १२:२०

मुलगी नुकतीच नऊ महिन्यांची झाली. वजन ७.३ किलो, लांबी ६८ सेंमी. जन्मली तेव्हा २.८ होती, चौथ्या महिन्यात ५.७, सहाव्यात ६.५. डॉक्टर तक्ता बघतात, "छान चाललंय" म्हणतात आणि पुढच्या बाळाला आत बोलावतात. घरी मात्र कुणालाच छान वाटत नाही. जो येतो तो तिला उचलतो, हातात जोखतो आणि माझ्याकडे बघून म्हणतो, "अंगाला काही लागत नाही वाटतं हिच्या." नणंदेचा मुलगा हिच्याहून थोडा लहान, पण साडेनऊ किलोचा. दोघांना शेजारी बसवून फोटो काढायची सगळ्यांना भारी हौस. फोटो निघाला की तुलना आलीच.

पोटात होती तेव्हाही हेच. "सातवा संपत आला तरी पोट दिसत नाही" इथून सुरुवात झाली होती.

आता भरवणं म्हणजे रोजची लढाई. चार घास नीट घेते, पाचव्याला तोंड फिरवते. मग मोबाइलवर गाणी लावायची आणि तिने तोंड उघडलं की चमचा आत सारायचा. एकेक जेवण तासभर चालतं. घरात वजनकाटा आणलाय, रोज सकाळी वजन करते. काल ८० ग्रॅम कमी भरलं, तेव्हापासून डोक्यात तेच चालू आहे.

वजन खरंच कमी आहे का? असेल तर वाढवायचं कसं? अनुभवी मंडळींनी सांगा. "सगळी मुलं वेगळी असतात" हे वाक्य सोडून काहीही चालेल.

दोन_पिल्लं | रात्री १२:४१

शेवटची अट आवडली :)

आधी त्या ८० ग्रॅमचं बघू. दूध पिऊन उठलेलं बाळ शंभर-दीडशे ग्रॅमने जड असतं. शी झाली, डायपर भिजलेला होता की कोरडा, काटा फरशीवर होता की सतरंजीवर, एवढ्यावरही आकडा हलतो. आदल्या दिवशी पोट भरलेलं असताना मोजलं आणि काल रिकाम्या पोटी, तर झालं तुझं ८० ग्रॅम. त्यात काळजी करण्यासारखं काही नाही. या वयात महिन्यातून एकदा वजन पुष्कळ झालं, तेही एकाच काट्यावर आणि कपडे काढून. घरातला काटा माळ्यावर टाक. मी गंमत करत नाहीये, खरंच टाक.

काजवा | सकाळी ७:०५

जागरणकर्ती, तुमचे आकडे मी जागतिक आरोग्य संघटनेच्या मुलींच्या तक्त्यावर मांडून पाहिले. नवव्या महिन्याला मधली रेषा ८.२ किलोवर येते आणि सगळ्यात खालची, म्हणजे ३ पर्सेंटाइलची, साधारण ६.६ वर. या दोघींच्या मधे १५ पर्सेंटाइलची रेषा आहे. तुमची लेक जन्मापासून तिलाच धरून चालली आहे. चारही नोंदी तिच्या आसपास पडतात.

१५ पर्सेंटाइल म्हणजे शंभर निरोगी मुली वजनाच्या क्रमाने उभ्या केल्या, तर साधारण पंधराजणी हिच्याहून हलक्या आणि बाकीच्या जड. त्या पंधराजणीही निरोगीच असतात. आपल्याला परीक्षेतल्या टक्क्यांची सवय, त्यामुळे १५ ऐकलं की नापास वाटतं आणि ९७ ऐकलं की पेढे वाटावेसे वाटतात. पण ५० ही पास होण्याची रेषा नाही. निम्मी मुलं तिच्या खाली असणारच, नाहीतर ती मधली कशी राहील?

हे तक्ते कुठून आले ते कळलं की त्यांच्याकडे बघायची नजर बदलते. १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे साडेआठ हजार मुलांची मोजमापं घेतली गेली. आईचं दूध पिणारी, धूम्रपान न करणाऱ्या आयांची आणि खाण्यापिण्याची ददात नसलेल्या घरांतली मुलं मुद्दाम निवडली होती. पोषण आणि आरोग्य नीट असेल तर मूल कसं वाढतं, हे बघायचं होतं. गंमत म्हणजे सहाही देशांतल्या मुलांची उंची जवळजवळ सारखीच वाढली. २००६ साली हे तक्ते प्रसिद्ध झाले.

त्याआधी अनेक देशांत १९७७ सालचे अमेरिकन तक्ते वापरात होते आणि त्यातली बरीच बाळं बाटलीतल्या पावडरच्या दुधावर वाढलेली होती. अंगावर पिणारं बाळ पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतं आणि मग त्याचा वेग कमी होतो. जुन्या तक्त्यावर त्याची रेषा नेमकी चौथ्या-पाचव्या महिन्यापासून खाली झुकल्यासारखी दिसायची. मग "तुझं दूध पुरत नाही, वरचं सुरू कर." तुमच्या घरातल्या मोठ्या बायकांच्या मनात जे बसलंय, त्यातलं काही त्या काळच्या सल्ल्यातून आलेलं असू शकतं.

राहिला भाचा. मुलग्यांचा तक्ता वेगळा असतो आणि त्यात साडेनऊ किलो म्हणजे ८५ च्या रेषेच्या थोडं खाली. तोही ठीक, हीही ठीक. फोटोपुरतीच काय ती शर्यत.

बाबा_ऑन_ड्युटी | सकाळी ८:१५

काजवा, पेढ्यांचं एकदम पटलं. आमच्या मुलाला कुणी ९० पर्सेंटाइल सांगितलं तेव्हा मी ऑफिसात असा मिरवलो होतो, जणू अभ्यास त्याने केला होता.

रोखठोक | सकाळी ९:३०

सगळे छान छान म्हणताहेत म्हणून मुद्दाम लिहितो. माझ्या पुतण्याच्या बाबतीतही घरचे "चणीने बारीक आहे, बापावर गेलाय" म्हणत राहिले. दूध पिताना त्याला घाम यायचा, दोन मिनिटं प्यायला की दमून थांबायचा. दर महिन्याला वजन वाढायचं, पण आधीपेक्षा कमी. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि हृदयात छिद्र निघालं. ऑपरेशन झालं, आता पोरगा धावतो. पण वेळ गेलाच ना? एखाद्या आईला काळजी वाटते तेव्हा तिला काटा माळ्यावर टाकायला सांगणं मला तरी पटत नाही.

दोन_पिल्लं | सकाळी ९:४४

रोखठोक, मी रोजचं वजन थांबव म्हटलंय. डॉक्टरांकडे जाऊ नकोस असं कुठे म्हटलं? तुमच्या पुतण्याची गोष्ट काट्याने कुठे ओळखली? दूध पिताना घाम येतोय हे बघणाऱ्या डोळ्यांनी ओळखली.

स्टेथोस्कोप | दुपारी २:१०

मी लहान मुलांची डॉक्टर आहे. इथे कुणाला तपासता येत नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

रोखठोक आणि दोन_पिल्लं दोघंही बरोबर आहेत. एका दिवसाचा आकडा जवळजवळ काहीच सांगत नाही. काही महिन्यांची रेषा बरंच सांगते. आम्ही वजन, लांबी आणि डोक्याचा घेर असं तिन्ही बघतो. ६८ सेंमी लांबीला ७.३ किलो हे साजेसं वजन आहे, म्हणजे मूल लहान चणीचं आहे, हाडकुळं नाही. वजन घसरतंय आणि लांबी मात्र आपल्या रेषेवर आहे, असं दिसलं तर आधी खाण्याकडे बघतो. लांबीही मागे पडत असेल तर प्रश्न वेगळे होतात.

जन्माचं वजन बरंचसं आईच्या पोटातल्या परिस्थितीवर ठरतं. बाहेर आल्यावर हळूहळू मूल आईबापांच्या चणीकडे सरकतं. त्यामुळे पहिल्या दोन वर्षांत पुष्कळ मुलं एखादी रेषा ओलांडून वर किंवा खाली जातात. जन्मतः पावणेचार किलोचं बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत मधल्या रेषेवर येऊन बसलं की आया घाबरतात. आईवडील मध्यम चणीचे असतील आणि बाळ खेळकर असेल, तर ते बहुतेक वेळा आपली जागा शोधत असतं.

आता रोखठोक यांचा मुद्दा. वजन लागोपाठ खाली येत दोन मोठ्या रेषा ओलांडत असेल, किंवा आजारपण नसताना चक्क घटत असेल, तर थांबू नये. दूध पिताना घाम, धाप, ओठ निळसर होणं, सतत उलट्या किंवा जुलाब, शीतून रक्त, लघवी खूप कमी होणं, आधी येत असलेली गोष्ट बाळ विसरणं (बसणारं बाळ बसेनासं होणं, आवाजाकडे वळणारं वळेनासं होणं) यातलं काही दिसलं तर तक्ता कितीही छान असो, लगेच दाखवावं. आणि "छान चाललंय" एवढ्यावर समाधान होत नसेल तर डॉक्टरांना सांगा, रेषा दाखवून समजवा. तो तुमचा हक्क आहे. बाहेर रांग असते म्हणून आम्ही घाई करतो हे खरं, पण विचारलं की थांबतो.

आणखी एक हिशोब. नऊ ते बारा महिन्यांत मधल्या रेषेवरची मुलगीसुद्धा ८.२ वरून ८.९ किलोवर जाते, म्हणजे दिवसाला जेमतेम आठ ग्रॅम. घरातले काटे बहुधा पाच किंवा दहा ग्रॅमच्या टप्प्याने मोजतात. रोज वजन करून तुम्ही बाळाची वाढ मोजत नाही आहात, तिने किती दूध प्यायलं आणि किती शू केली ते मोजताय.

जागरणकर्ती | दुपारी ३:०२

डॉक्टरताई, मनापासून आभार. काजवा, तुम्ही बसून आकडे मांडलेत, कमाल आहे. आठ ग्रॅमचं वाचून मी मोठ्याने हसले आणि सासूबाईंनी विचारलं, काय झालं?

घाम, धाप वगैरे काही नाही. दिवसभर रांगते, सगळं ओढून पाडते. लघवी भरपूर. मग राहिला खाण्याचा प्रश्न. शेजारच्या ताईंनी भूक वाढवायचं एक सिरप सांगितलंय, त्यांच्या मुलाला म्हणे फार गुण आला. देऊ का?

स्टेथोस्कोप | दुपारी ३:२०

नको. भूक वाढवणाऱ्या बऱ्याच सिरपांत सायप्रोहेप्टाडीन असतं. ते मुळात ॲलर्जीचं औषध आहे. त्याने भूक वाढते, तशी झोपही येते. नऊ महिन्यांच्या बाळाला ते आपल्या मनाने देणं धोक्याचं आहे. लोहाची कमतरता असेल तर भूक खरंच मंदावते, पण ते डॉक्टर बघून ठरवतील आणि मग लोहाचं औषध देतील. टॉनिक हा त्यावरचा उपाय नाही.

सुगरण_नाही | दुपारी ४:४५

नावाप्रमाणे मी सुगरण नाही, पण आमचं पहिलं असंच चिमणीच्या घासाचं होतं म्हणून यात बरंच खोलात गेले.

बाळाच्या पोटात मावतं किती? ढोबळ हिशोब वजनाच्या दर किलोला ३० ग्रॅमचा. तुझ्या लेकीच्या पोटात एका वेळी दोनशे-सव्वादोनशे ग्रॅम, त्यात दूधही आलं. म्हणजे वाटीभर पातळ पेज भरवली की पोट भरतं, पण त्यातलं अर्धं पाणी! भरवायचं ते चमचा वाकडा केला तरी पटकन ओघळणार नाही इतपत दाट हवं. वरून चमचाभर तेल किंवा लोणी. तेवढ्याच घासात जास्त ऊर्जा जाते आणि बाळाला जास्त खावं लागत नाही.

अंगावर पीत असेल तर या वयात वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० कॅलरी पुरतात, बाकीच्या अजून दुधातूनच येतात. हे वाचल्यावर मी किती रडले होते, सुटल्यासारखं वाटून. मी त्याच्या दुप्पट भरवायला बघत होते. दिवसातून तीन-चार वेळा जेवण, मधे एखाद-दोन वेळा हातात धरून खाता येईल असं काही, बस.

लोहाकडे मात्र लक्ष दे. सहा महिन्यांनंतर जन्मतः मिळालेला साठा संपत येतो आणि आईच्या दुधात लोह थोडंच असतं. अंडी, मांस-मासे, डाळी, कडधान्यं, जे घरात चालतं ते, आणि शाकाहारी जेवणाबरोबर आंबट फळ म्हणजे लोह नीट शोषलं जातं. वर्षाच्या आत मध नाही, थेंबभरसुद्धा नाही. आणि गायी-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतरच. नंतरही अर्ध्या लिटरच्या पुढे जाऊ नये, कारण दुधाने पोट भरलेलं मूल जेवत नाही आणि घरचे म्हणतात, "जेवत नाही, निदान दूध तरी पिऊ दे." हे चक्र मी तीन घरांत तरी पाहिलंय.

नीलपाखरू | संध्याकाळी ५:१०

कुणी वेळेआधी जन्मलेल्या बाळाची आई हा धागा वाचत असेल तर: दोन वर्षांपर्यंत तक्त्यावर वय मोजताना जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करायचे. आमची जुळी दोन महिने आधी आली. नवव्या महिन्यात त्यांना सात महिन्यांच्या रकान्यात बघायचं असतं. हे माहीत नसलेल्या एका नातेवाइकांनी आम्हाला पूर्ण वर्षभर छळलं. एवढंच.

बाबा_ऑन_ड्युटी | रात्री ९:५०

आमच्याकडे भरवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून तासभराच्या जेवणावर बोलायचा हक्क मला आहे असं समजतो.

एलिन सॅटर नावाच्या अमेरिकन आहारतज्ज्ञ बाईंनी कामाची वाटणी सांगितलीये: काय द्यायचं, कधी आणि कुठे हे आईबापांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. भांडण होतं ते एकाने दुसऱ्याच्या खात्यात हात घातला की. पाचव्या घासाला तोंड फिरवणं हे तिचं खातं. तिथे आपण मोबाइल दाखवून घास सारतो तेव्हा तिला पोट भरल्याचं कळायच्या आत घास गिळला जातो. काही दिवस वजन वाढल्यासारखं वाटेल, पण पुढे मोबाइलशिवाय तोंड उघडणं बंद होतं. शिवाय दोन वर्षांखालच्या मुलांना स्क्रीन नको असं बहुतेक सगळे तज्ज्ञ सांगतात. तरी ते एकवेळ सोडा, मुद्दा जेवणाचा आहे.

आम्ही केलं ते असं. जेवण वीस-पंचवीस मिनिटं, त्यानंतर ताट उचलायचं. कौतुक नाही, रागावणं नाही. मुलाच्या हातात एक चमचा, माझ्या हातात दुसरा. खाली जुनी चादर. पहिला आठवडा वाईट गेला. त्याने खाल्लं कमी आणि चादरीने जास्त. मग सुरळीत झालं. घास घशाशी अडकून ओकारी येणं आणि गुदमरणं यातला फरक मात्र घरातल्या सगळ्यांनी शिकून घ्या. ओकारी येते तेव्हा आवाज असतो, खोकला असतो, चेहरा लाल होतो. खरं गुदमरणं बहुतेक वेळा बिनआवाजाचं असतं. अख्खी द्राक्षं, शेंगदाणे, कच्च्या गाजराचे तुकडे असलं काही द्यायचं नाही, आणि खाताना मूल एकटं सोडायचं नाही.

आता नातेवाईक. लोक बाळाला कलिंगडासारखं जोखतात हे खरंय. आमच्या घरातला नियम: ज्याचे नातेवाईक त्याने सांभाळायचे. माझी आत्या बोलली की उत्तर मी देणार, बायको नाही. या धाग्यात इतका वेळ तुमच्या नवऱ्याचा उल्लेख आला नाही म्हणून विचारतो, नणंद त्यांची बहीण ना? मग फोटोच्या वेळी ते कुठे असतात?

जागरणकर्ती | रात्री १०:०४

फोटो तेच काढतात :(

पांढरे_केस | रात्री १०:३०

अगं पोरी, हसले मी. पण आता सासूच्या बाजूनेही ऐक, मी स्वतः सासू आहे.

आमच्या वेळी गोवर यायचा, जुलाब लागायचे आणि आठवड्यात मूल निम्मं व्हायचं. गुटगुटीत पोराच्या अंगावर चार दिवस काढायला काहीतरी असायचं. बारीक पोराचं काही सांगता यायचं नाही. त्या भीतीने आम्ही पोरं जोखायला शिकलो. लसी आल्या, जुलाबावर मीठ-साखरेचं पाणी आलं, दिवस बदलले, पण हाताची सवय राहिली. "अंगाला लागत नाही" म्हणणारीच्या मनात दहातल्या नऊ वेळा तुझ्यावर आरोप नसतो. दहावी असते एखादी खवचट, तिला सोडून दे.

मला तक्ता कळला तो सुनेमुळे. वाद घालण्याऐवजी ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली आणि म्हणाली, आईंना समजावून सांगा. डॉक्टर माझ्याशी बोलले, मला कागद दाखवला. घरी आल्यावर शेजारणीला रेषा मीच समजावून सांगत होते. तेव्हा पुढच्या वेळी सासूबाईंना बरोबर ने. आणि त्यांना एखादं काम दे. मालीश, अंघोळ, संध्याकाळचं फिरवणं, काहीही. रिकाम्या आजीचं सगळं लक्ष ताटात जातं.

आणि जाता जाता, तू बारा वाजता धागा काढतेस, जागरणकर्ती नाव घेतेस, ८० ग्रॅम दिवसभर डोक्यात ठेवतेस. बाळाचं झालं. तू झोपतेस का नीट?

जागरणकर्ती | रात्री ११:१५

आजी, हे कुणी विचारलं नव्हतं. बाळ झोपलं तरी मला झोप लागत नाही. दिवसभर छातीत धडधडतं. सगळ्यांना वाटतं जागरणामुळे, मलाही तसंच वाटत होतं.

स्टेथोस्कोप | रात्री ११:२८

जागरणकर्ती, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप न लागणं हे साध्या थकव्यापेक्षा वेगळं असू शकतं. बाळंतपणानंतर पहिले दहा-पंधरा दिवस रडू येणं बहुतेकींना होतं आणि ते आपोआप ओसरतं. पण त्यानंतर वर्षभरात कधीही नैराश्य किंवा सततची चिंता सुरू होऊ शकते आणि त्यावर चांगले उपचार आहेत, अंगावर पाजत असताना घेता येतील अशी औषधंसुद्धा. एडिनबरा प्रश्नावली म्हणून दहा प्रश्नांची एक यादी आहे, १९८७ पासून जगभर वापरली जाते. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना किंवा फॅमिली डॉक्टरांना "मला ती भरून घ्यायची आहे" एवढंच सांगा. या आठवड्यातच जा, नवऱ्याला बरोबर न्या. आणि स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यावं असा विचार एकदाही आला, तर आठवड्याची वाट बघायची नाही, त्याच क्षणी कुणाला तरी उठवायचं आणि दवाखाना गाठायचा.

जागरणकर्ती | रात्री ११:४०

तसला विचार नाही. पण जाते. नवऱ्याला आत्ताच हा धागा वाचायला दिलाय, फोटोच्या वाक्यापर्यंत पोचलाय.

शाई_संपली | दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२०

पुढचा भाग सांगते, म्हणजे धक्का बसणार नाही. वर्ष झालं की भूक आणखी कमी होते. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या तिप्पट होतं आणि २५ सेंमी वाढतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम अडीच किलो आणि १२ सेंमी. तिसऱ्यापासून वर्षाला दोन किलोच्या आसपास. वाढ मंदावते म्हणून भूक मंदावते, पण नेमकी तेव्हाच पायाला चाकं लागलेली असतात, त्यामुळे सगळ्यांना वाटतं, एवढं पळतं आणि खात काहीच नाही. नवीन पदार्थाला "नको" म्हणायचं वयही तेव्हाच सुरू होतं. एखादी भाजी आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर आली की मग चाखली जाते. दोनदा नाकारली म्हणून "हिला आवडत नाही" असा शिक्का मारायचा नाही.

आणि एक कळकळीचं. माझी मुलगी आता अकरा वर्षांची आहे. लहानपणी तिला "काडी" म्हणायचे, आता वयात येताना अंग भरायला लागलं तर तेच लोक "अगं, जरा जपून खा" म्हणतात. या वयात उंचीच्या आधी वजन वाढणं अगदी नेहमीचं आहे. ती मात्र जेवताना माझ्याकडे बघून घास घेते. बाळाला कळत नाही म्हणून आपण त्याच्यासमोर वजनाची चर्चा करतो, पण त्याला कळायला लागतं त्या दिवशी कुणी दवंडी पिटत नाही.

काजवा | सकाळी ११:००

शाई_संपली, +१.

थोडं अवांतर, पण बाबा_ऑन_ड्युटी यांच्या वाटणीवरून आठवलं. १९२० आणि ३० च्या दशकांत अमेरिकेत क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी नुकतंच दूध सुटू लागलेल्या १५ बाळांसमोर साधे, न सजवलेले, विविध पदार्थ ठेवले आणि काय खायचं, किती खायचं ते त्यांच्यावर सोडलं. एखादं बाळ एका जेवणाला भलतंच काही हाणायचं, पण काही महिन्यांचा हिशोब लावला तर सगळी छान वाढली. मुडदूस झालेल्या एका बाळाच्या ताटलीत कॉड माशाचं तेलही ठेवलं होतं. बरं होईपर्यंत ते पीत राहिलं, मग सोडलं. यातली मेख डेव्हिसबाईंनीच सांगून ठेवली आहे: समोर साखर किंवा तसलं काही नव्हतंच. निवड मुलाची, पण यादी मोठ्यांची.

रोखठोक | सकाळी ११:२५

हे आवडलं. बाकी मी माझ्या मतावर ठाम आहे, पण माळ्याचं मागे घेतो. टाका काटा माळ्यावर.

सातवा_महिना | दुपारी १:१५

नावावरून कळलंच असेल. जागरणकर्ती यांचं "पोट दिसत नाही" वाचून थांबले, कारण मला रोज ऐकू येतं. डॉक्टरांनी टेपने मोजलं तर २८ व्या आठवड्यात २७ सेंमी आलं. सोनोग्राफीत बाळाचं वजनही सरासरीपेक्षा थोडं कमी सांगितलंय. आणि आत्ताच वजनकाटा घेऊन ठेवू का?

स्टेथोस्कोप | दुपारी २:३०

२४ व्या आठवड्यानंतर ओटीपोटाच्या हाडापासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतचं माप सेंटिमीटरमध्ये जवळपास आठवड्यांइतकंच येतं. दोन सेंमी इकडेतिकडे चालतं. तुमचं चांगलं आहे. पोट बाहेरून किती दिसतं हे पहिली खेप आहे का, पोटाचे स्नायू किती घट्ट आहेत, बाळ कसं आडवंतिडवं बसलंय यावर असतं. सोनोग्राफीतलं वजन हा अंदाज असतो, तो दहा-पंधरा टक्क्यांनी सहज चुकतो. म्हणून त्यातही एका आकड्यापेक्षा दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने काढलेल्या दोन मापांकडे बघतात. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर मात्र माप-बिप बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

काटा नको. जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन सात, कधी दहा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आत परत भरून येतं. तीन किलोचं बाळ पावणेतीन झालेलं घरातल्या काट्यावर दिसलं की पहिल्याच आठवड्यात पावडरचा डबा येतो. दहा टक्क्यांच्या पुढे गेलं किंवा दोन आठवड्यांत भरून आलं नाही तर आम्ही बघतो, त्यासाठी दवाखान्यातला काटा आहे.

दोन_पिल्लं | दुपारी २:५०

काट्याऐवजी डायपर मोज. पाचव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी चांगले जड, ओले डायपर आणि फिकट लघवी असेल तर दूध पोटात जातंय. फ्रिजवर कागद लाव, शेजारी पेन बांधून ठेव आणि रेघा मारायचं काम नवऱ्याला दे.